पोकळीचे बळ

तळकोकणात किंवा आंबोलीच्या परिसरात ऐन पावसाळ्यात ओल्या पालापाचोळ्याखालचा दगड उलटवला, तर तीन वेगळे प्राणी जवळजवळ एकाच रूपात भेटू शकतात. तिघेही लांबट, गुळगुळीत, बिनपायांचे आणि मातकट. पहिले अर्थातच गांडूळ. दुसरा वाळा, म्हणजे मातीत राहणारा छोटासा आंधळा साप. तिसरे देवगांडूळ. त्याच्या अंगावर गांडुळासारखीच वलये असतात, पण ते बेडकाच्या गोतातले, उभयचर. वाळ्याला खवले असतात, तो जीभ बाहेर काढतो. देवगांडुळाला जबडा आणि दात असतात. दोघांनाही कणा आहे. गांडुळाला यातले काही म्हणजे काही नाही. तरीही कोकणात कितीतरी वाळे आणि देवगांडुळे निष्कारण मारली जातात, कारण पाहणाऱ्याची नजर आकारावर थांबते.

मातीत घुसून राहायचे तर लांब, निमुळते, हातापायांची अडचण नसलेले शरीर सोयीचे पडते. त्यामुळे ज्याने ज्याने मातीत घर केले, तो तो त्या आकाराकडे झुकला. आकार प्राण्याचा पत्ता सांगतो, कूळ सांगत नाही. कूळ कळायचे तर आत पाहावे लागते आणि आतही नेमक्या एका ठिकाणी: कातडी आणि आतडे यांच्यामध्ये काय आहे? तिथे भरीव मांस आहे, की पोकळी आहे? पोकळी असेल तर ती अखंड आहे की कप्प्याकप्प्यांची, आणि तिच्यात भरले आहे काय? कणा नसलेल्या प्राण्यांच्या शरीररचनेतले बहुतेक मोठे फरक या प्रश्नांच्या उत्तरांतून उलगडतात, असे मला वाटते. म्हणून या प्रकरणात गांडुळाला मध्यभागी ठेवून इतरांकडे पाहायचे आहे.

एकेकाळी हा भेद कोणी फारसा करत नसे. अठराव्या शतकात लिनियसने प्राण्यांची वर्गवारी केली, तेव्हा कणा नसलेल्यांसाठी त्याच्याकडे दोनच कप्पे होते: कीटक आणि कृमी. जे कीटकात बसत नव्हते ते सगळे कृमींत गेले. गांडूळ, जळू, जंत, गोगलगाय, तारामासा सगळे एकत्र. 1793 मध्ये पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात नेमके हेच दोन कप्पे लॅमार्कच्या वाट्याला आले. तो तोवर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ओळखला जात होता आणि वयाची पन्नाशी जवळ आली होती. त्या वयात त्याने हा ढिगारा निवडायला घेतला. 1801 मध्ये त्याचा अपृष्ठवंशी प्राण्यांवरचा ग्रंथ आला. बाटल्यांत ठेवलेले बेढब जीव उघडून, आतली रचना पाहून त्यांना वेगळे करण्याचे हे काम मला उत्क्रांतीविषयीच्या त्याच्या गाजलेल्या मतांइतकेच मोलाचे वाटते. आज आपल्याला माहीत असलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जातींना कणा नाही. म्हणजे प्राणिसृष्टी मुख्यतः त्यांचीच आहे.

आता गांडूळ. भारतातल्या महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासले गेलेले गांडूळ म्हणजे फेरेटिमा पोस्थुमा. त्याचे नाव आता मेटाफायर पोस्थुमा झाले आहे. लांबी साधारण 15 सेंटिमीटर, वलये 100 ते 120. चौदाव्या ते सोळाव्या वलयांवर एक जाडसर पट्टा दिसतो. त्याच पट्ट्यातून पुढे अंड्यांचे कोश तयार होतात. प्रत्येक गांडूळ नरही असते आणि मादीही, तरी बहुधा दोन गांडुळे एकत्र येऊनच वीर्याची देवघेव करतात. या प्राण्याच्या अंतर्रचनेचा सविस्तर अभ्यास लखनौचे प्राणिशास्त्रज्ञ कर्म नारायण बहल यांनी केला आणि 1926 मध्ये त्यावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाठ्यपुस्तकातल्या गांडुळाच्या आकृत्यांमागे बहुतेकदा त्यांचे काम असते, पण त्यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते.

गांडुळाचे शरीर म्हणजे नळीत नळी. आतली नळी आतड्याची, तोंडापासून गुदद्वारापर्यंत सरळ गेलेली. बाहेरची नळी कातडी आणि स्नायूंची. दोहोंच्या मध्ये द्रवाने भरलेली पोकळी, म्हणजे देहगुहा. वरून दिसणारी वलये नुसती नक्षी नाहीत. पहिली काही वलये सोडली, तर बाहेरच्या खाचांच्या रेषेत आत पातळ पडदे असतात आणि ते या पोकळीचे कप्पे पाडतात.

हाडे नसताना गांडूळ घट्ट मातीत घुसते कसे, याचे उत्तर या द्रवात आहे. द्रव दाबून लहान होत नाही. पाणी भरलेला लांबट फुगा मधोमध मुठीत आवळला, तर तो तिथे बारीक होतो आणि टोकांकडे लांबतो. गांडुळाच्या कातडीखाली स्नायूंचे दोन थर असतात. बाहेरचा थर अंगाभोवती कड्यासारखा, आतला अंगाच्या लांबीने गेलेला. कड्यासारखे स्नायू आवळले की वलय बारीक आणि लांब होते. लांबीचे स्नायू आखडले की ते आखूड आणि जाड होते. आत द्रव नसता, तर एकदा आखडलेला स्नायू पुन्हा ताणायला काहीच उरले नसते. आपल्या शरीरात जे काम हाडे करतात, ते इथे कोंडलेला द्रव करतो. आणि पडद्यांमुळे तो बराचसा आपापल्या भागातच राहत असल्याने पुढचा भाग लांबत असताना मागचा भाग फुगून बिळाच्या भिंतीला घट्ट धरून राहू शकतो.

हे प्रत्यक्ष पाहता येते. एखादे गांडूळ पाण्याने हलके धुऊन खरखरीत कागदावर ठेवा आणि कान जवळ न्या. बारीक खरवडल्यासारखा आवाज येतो. तो दृढरोमांचा. मेटाफायरच्या जवळजवळ प्रत्येक वलयाच्या मध्यावर अशा सूक्ष्म काट्यांचे अख्खे कडे असते, एकेका वलयावर 80 ते 120. पहिल्या आणि शेवटच्या वलयावर आणि पट्ट्यावर ते नसतात. गांडूळखताच्या वाफ्यात वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही जात घेतली, तर तिच्या प्रत्येक वलयावर आठच दृढरोम असतात, चार जोड्यांनी. काटे आत-बाहेर होतात. जाड झालेल्या वलयांचे काटे जमिनीत रुततात, बारीक झालेल्यांचे आत ओढले जातात. कागदावर हे पाहून झाले की लगेच त्याला ओल्या मातीत सोडावे, कारण गांडूळ ओल्या कातडीतूनच श्वास घेते. कातडी वाळली की त्याचा श्वास कोंडतो.

कागदावर असतानाच त्याच्या पाठीकडे पाहिले, तर कातडीतून मधोमध एक गडद रेघ दिसते. बारीक जातीचे किंवा कोवळे गांडूळ असेल तर ती थरथरतानाही दिसते. ही पाठीची रक्तवाहिनी. तिच्यातून लाटेमागून लाट शेपटीकडून डोक्याकडे जाते. पुढे हृदयांच्या जोड्यांमधून रक्त पोटाकडच्या वाहिनीत उतरते आणि मागे वळते. मेटाफायरला अशा हृदयांच्या चार जोड्या आहेत, सातव्या, नवव्या, बाराव्या आणि तेराव्या वलयांत. रक्त सगळा वेळ वाहिन्यांतच राहते, देहगुहेत सांडत नाही. ते लाल असते आणि आपल्यासारखेच हिमोग्लोबिनने लाल असते, पण आपले हिमोग्लोबिन पेशींत भरलेले असते, तर गांडुळाचे सरळ द्रवात विरघळलेले. सुटा लहान रेणू वाहिन्यांतून पाझरून गेला असता. गांडुळाचा रेणू मात्र अवाढव्य असतो. आपल्या हिमोग्लोबिनमध्ये प्रथिनाच्या 4 साखळ्या असतात, गांडुळाच्यात 144.

बहल यांचा सगळ्यात लक्षणीय शोध उत्सर्जनाविषयीचा आहे. युरोपातल्या परिचित गांडुळांत बहुतेक प्रत्येक वलयात उत्सर्जक नळ्यांची एक जोडी असते आणि ती कातडीवर बाहेर उघडते. फेरेटिमाच्या पडद्यांवर बहल यांना अशा असंख्य सूक्ष्म नळ्या आढळल्या आणि त्या बाहेर न उघडता शेवटी आतड्यात उघडत होत्या. त्यांनी हे 1919 मध्ये मांडले. टाकाऊ द्रव आतड्यातून जाताना त्यातले पाणी पुन्हा शोषून घेता येते. आपल्याकडच्या लांबलचक कोरड्या महिन्यांत मातीत टिकून राहणाऱ्या प्राण्याला पाण्याची ही बचत किती उपयोगी पडत असेल!

गांडुळाची ओळख झाली. आता हीच पोकळी काढून घेतली तर काय होते, ते चपटकृमींत दिसते. त्यांच्या कातडी-आतड्यामध्ये भरीव ऊती असते. देहगुहा नाही, रक्त नाही, हृदय नाही. मग प्रत्येक पेशीपर्यंत प्राणवायू पोहोचायचा तर कोणतीच पेशी पृष्ठभागापासून लांब असून चालत नाही. म्हणून ते चपटे. अन्न पोहोचवायला वाहिन्या नाहीत, तेव्हा आतड्यालाच फांद्या फुटतात आणि ते अंगभर पसरते. बहुतेकांत आतड्याला तोंड आहे, पण दुसरे टोक बंद. जे खाल्ले त्याचा चोथा त्याच वाटेने बाहेर. शेळ्यामेंढ्यांच्या यकृतात राहणारी यकृतकृमी याच संघातली. पट्टकृमीने तर आतडेच सोडून दिले. पचलेल्या अन्नात तो बसलेला असतो आणि कातडीतून ते शोषतो. त्याच्या अंगाचे तुकडे पाहून वलये आठवतात, पण ते साम्य फसवे आहे. गांडुळात नवी वलये शेपटीच्या टोकाजवळ तयार होतात. पट्टकृमीत नवे तुकडे मानेपाशी तयार होतात आणि जुने मागे ढकलले जातात. त्या प्रत्येक तुकड्यात मुख्य सामान असते ते प्रजननाचे.

गांडूळ मधोमध कापले की दोन गांडुळे होतात, ही समजूत मराठी घरांत पक्की रुजलेली आहे. ती चूक आहे. पुढचा भाग पुरेसा मोठा असेल तर अनेक जातींत त्याला नवी शेपटी फुटू शकते. मागचा भाग काही वेळ वळवळतो आणि सहसा मरतो. तुकड्यातुकड्यांतून पुरा जीव उभा करण्याचे सामर्थ्य खरोखर आहे ते प्लॅनेरियात, म्हणजे स्वच्छ पाण्यात मोकळेपणी राहणाऱ्या चपटकृमीत.

गोलकृमींचे वेगळे. जंत, हत्तीपायाचा कृमी आणि जुन्या पिढीला पायविहिरींच्या पाण्यातून छळणारा नारू हे सगळे याच संघातले. नारूतून भारत 2000 साली अधिकृतपणे मुक्त झाला. गोलकृमीला पोकळी आहे, पण ती अखंड, एकही पडदा नाही, आणि आतड्याच्या बाजूने तिला स्नायूंचे अस्तर नाही. म्हणून तिला आभासी देहगुहा म्हणतात. त्यातला द्रव जोराच्या दाबाखाली असतो आणि वरचे आवरण चिवट असते. स्नायूंचा एकच थर, लांबीचा. कड्यासारखे स्नायू नाहीत, त्यामुळे गोलकृमीला गांडुळासारखे जाड-बारीक होत पुढे सरकता येत नाही. तो फक्त अंगाला नागमोडी वळणे देत वळवळतो. त्याच्या स्नायूंची आणखी एक विलक्षण तऱ्हा आहे. आपल्यात चेतातंतू स्नायूंपर्यंत जातात, जंतात स्नायूपेशीच आपला एक लांब हात चेतारज्जूपर्यंत पोहोचवते. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या गोलकृमीच्या शरीरातल्या पेशी शास्त्रज्ञांनी एकेक करून मोजल्या आहेत. प्रौढ उभयलिंगी कृमीत प्रजननपेशी सोडून 959, त्यांपैकी 302 चेतापेशी.

पोकळी हेच बळ, तर गांडुळाच्या सख्ख्या नातलगाने ती बुजवून टाकावी हे आधी पटत नाही. पण जळूने नेमके तेच केले आहे. जळूही वलयी प्राणीच. भारतातल्या गुरांना लागणाऱ्या जळवेच्या शरीराचे खरे खंड 33 असतात. बाहेरून वलये कितीतरी जास्त दिसतात, कारण एकेका खंडावर वरच्या वर अनेक खाचा असतात. आत पडदे जवळजवळ नाहीत, आणि देहगुहा मऊ ऊतीने भरून जाऊन तिच्या फक्त अरुंद वाटा उरल्या आहेत. दृढरोमही नाहीत. त्याऐवजी दोन्ही टोकांना चूषक आहेत. बिळात घुसणे हा जळवेचा धंदाच नव्हे. तिला धरून ठेवायचे असते आणि एका बैठकीत पोट अनेक पटींनी फुगेल इतके रक्त प्यायचे असते. तिथे कप्प्यांचे पडदे अडचणीचेच झाले असते. सह्याद्रीच्या जंगलवाटांवर पावसात जळू पायावर चढताना पाहावी: पुढचा चूषक टेकवते, कमान करून मागचा जवळ आणते, पुन्हा पुढचा सोडते. सबंध शरीर एकच कप्पा असल्यासारखे वागते.

झुरळात पोकळी आहे आणि ती चांगली ऐसपैस आहे, पण तिच्यात भरले आहे रक्त. पाठीवर 13 कप्प्यांचे नळीसारखे हृदय असते. ते रक्त डोक्याकडे ढकलते आणि तिथून ते मोकळे सुटते. सगळी इंद्रिये त्या रक्तात बुडालेली असतात. हे रक्त लाल नसते, कारण प्राणवायू वाहण्याचे काम त्याच्याकडे नाहीच. झुरळाच्या अंगाच्या बाजूंना श्वासरंध्रांच्या 10 जोड्या असतात. तिथून हवेच्या नळ्या निघतात, त्यांना फाटे फुटत फुटत त्या थेट ऊतींपर्यंत जातात. गांडुळाच्या कातडीला श्वासासाठी ओले राहावे लागते, झुरळाच्या कवचाला ती सक्ती नाही. म्हणून गांडूळ ओलाव्याला बांधलेले, तर कीटक वाळवंटातही सुखाने राहतात. डोके तुटलेले झुरळ कित्येक दिवस जिवंत राहते, त्याचेही कारण हेच. श्वास नाकातोंडाने चालत नाही आणि रक्ताला दाब कमी असल्याने ते भळभळून वाहून जात नाही.

झुरळाला हालचालीसाठी द्रवाची गरज उरलेली नाही. बाहेरचे कायटिनयुक्त कवच हाच त्याचा सांगाडा. स्नायू त्याला आतून चिकटतात आणि सांध्यांवर पाय वाकवतात. याची किंमत मात्र प्रत्येक संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांच्या, प्राण्याला मोजावी लागते. कवच वाढत नाही. वाढायचे तर ते टाकून मऊ, उघड्या अंगाने नवे कठीण होण्याची वाट पाहावी लागते. गांडुळाचे आवरण पातळ आणि लवचीक असते, ते टाकून देण्याचा प्रसंगच त्याच्यावर येत नाही.

पावसाळ्यात भिंतीवर चढणारी गोगलगाय गांडुळापासून आणखीच दूरची वाटते. खंड नाहीत, पडदे नाहीत, पाठीवर शंख. खरी देहगुहा आक्रसून हृदयाभोवती, मूत्रपिंडाच्या आत आणि प्रजननग्रंथीपुरती उरलेली. बाकी जागेत झुरळासारखेच मोकळे रक्त. एकाच स्नायुमय पायावरून लाटा सोडत, चिकट स्रावावरून ती सरकते. तोंडात हजारो सूक्ष्म दातांची जिभेसारखी पट्टी असते. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवच्या शेतकऱ्यांनी शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केलेली पाहिली, ती या पट्टीची करणी. तिच्याच संघातल्या माकुलाने मात्र वेगळी वाट धरली. चपळ शिकारी असल्याने त्याला जोराने फिरणारे रक्त हवे होते. त्याचे रक्त गांडुळासारखे बंद वाहिन्यांतून वाहते, तीन हृदये ते ढकलतात, आणि ते तांब्यामुळे निळसर असते.

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरचा तारामासा पोकळीच्या द्रवाला चक्क पायांत उतरवतो. त्याच्या देहगुहेच्या एका भागापासून पाण्याच्या नळ्यांचे जाळे बनते आणि त्या पाण्याच्या दाबावर खालचे शेकडो मऊ पाय लांबतात. गर्भाच्या वाढीचा क्रम पाहिला, तर तारामासा गांडुळापेक्षा आपल्या, म्हणजे कणा असलेल्यांच्या जवळचा आहे. जेलीफिश आणि हायड्रा यांना देहगुहा नाहीच. पेशींचे दोन थर आणि मध्ये जेलीसारखा पदार्थ, पोटाला एकच तोंड. स्पंजात तर पोटही नाही.

मग गांडुळाचा जवळचा नातलग कोण? प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिएने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर दिले होते: संधिपाद. युक्तिवाद भक्कम होता. गोम, वाणी, झुरळ आणि गांडूळ, सगळ्यांचे शरीर खंडांचे. सगळ्यांचे हृदय किंवा मुख्य रक्तवाहिनी पाठीकडे, चेतारज्जू पोटाकडे. हे मत दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकले. 1990 च्या दशकात जनुकांतल्या क्रमांची तुलना सुरू झाली आणि ते ढासळले. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात संधिपाद प्राणी गोलकृमींच्या शेजारी जाऊन बसले. दोघांनाही कात टाकावी लागते, हे साम्य सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होते. आणि गांडुळाची जागा निघाली गोगलगायीच्या बाजूला. त्याचाही पुरावा समुद्रात आधीपासून होता: सागरी वलयी प्राणी आणि सागरी मृदुकाय, म्हणजे गोगलगायीच्या संघातले प्राणी, दोघांच्याही अनेक जातींची पिल्ले भोवऱ्याच्या आकाराची, मध्याभोवती हलत्या केसांचा पट्टा असलेली असतात.

म्हणजे खंड असणे हीदेखील कुळाची पक्की खूण राहिली नाही. समुद्राच्या चिखलात पुरून राहणारे, चमच्यासारखी सोंड असलेले एक्युरा नावाचे कृमी आहेत. त्यांच्या अंगावर एकही वलय नाही, आत एकही पडदा नाही, म्हणून त्यांना फार काळ स्वतंत्र संघ मानले जाई. जनुकांच्या तुलनेत ते वलयी प्राण्यांच्या आतच सापडले. त्यांच्या पिल्लांच्या चेतारज्जूत चेतापेशींचे पुंजके ठराविक अंतराने, एकामागे एक, पुढून मागे तयार होतात, अगदी वलये असलेल्या प्राण्यात होतात तसेच. वाढ पुरी होईपर्यंत ते पुंजके एकमेकांत मिसळून जातात.